दोन वर्षं की सत्तर?

आजचं वाचन: यिर्मया, अध्याय २८ आणि २९



यिर्मया २९:११ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. देवाच्या मनात आपल्या हिताच्याच योजना आहेत, असं सांगणारं वचन. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी ते टेबलासमोर चिकटवलं होतं. कॅम्पस इंटरव्ह्यूत पाचवा नकार आला, त्या दिवशी तो कागद मी फाडून टाकला. देवाने शब्द पाळला नाही, असंच वाटलं.

त्याच आठवड्यात प्रोजेक्टच्या सरांनी माझा रिपोर्ट परत केला. "निष्कर्ष आधी ठरवलास आणि त्याला जुळेल तेवढाच डेटा घेतलास. बाकीचा कुठे आहे?" रूमवर स्वयंपाकाची माझी पाळी असली की आईही फोनवर हेच सांगायची, "आधी सगळं ऐकून घे, मग गॅस पेटव." मी अर्ध्यातच फोन ठेवायचो आणि आमटी बिघडायची.

एका रात्री सरांचे प्रश्न मी त्या वचनाला विचारले. कोणी लिहिलं? कोणाला? आधी काय आहे?

अध्याय २९ म्हणजे एक पत्र आहे. यिर्मयाने ते यरुशलेमेहून बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं, पण ते खोटं होतं. यिर्मयाचं पत्र सांगतं, सत्तर वर्षं. तेही दहाव्या वचनात, माझ्या लाडक्या वचनाच्या अगदी एक ओळ आधी! पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता.

तेव्हा लक्षात आलं, मी वचन यिर्मयाचं चिकटवलं होतं, पण त्यातून ऐकत होतो हनन्याला.

मग सत्तर वर्षं करायचं काय? पाचव्या ते सातव्या वचनांत देव सांगतो: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, संसार करा आणि त्या परक्या शहरासाठी प्रार्थना करा. म्हणजे वाट पाहण्याच्या काळातही चूल पेटलीच पाहिजे. रोजचा स्वयंपाक, रोजचा अभ्यास हीसुद्धा आज्ञाधारकताच आहे.

नोकरी मला पुढे आठ महिन्यांनी मिळाली. पण हे वचन खरं ठरल्याचा पुरावा म्हणून मी ती सांगणार नाही. ते म्हणजे पुन्हा जुळेल तेवढाच डेटा घेणं झालं. नोकरी नसतानाही देव तिथेच होता, एवढं मात्र त्या आठ महिन्यांत मला कळलं.

आज तुमचं आवडतं एक वचन घ्या आणि त्याचा अख्खा अध्याय वाचा.

प्रार्थना: प्रभू, मला हवं तेवढंच नाही, तुला सांगायचं आहे ते सगळं ऐकायला शिकव. आणि तोवर आजच्या भाकरीत आनंद दे. येशूच्या नावाने, आमेन.