आधी न्याय, मग करुणा?

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. जामनेर तालुक्यात वीस-एकवीस वर्षांच्या एका मुसलमान तरुणाला जमावाने मारहाण करून ठार केले. पोलीस भरतीचा अर्ज भरायला म्हणून तो घरातून निघाला होता, असे बातम्यांत आले. त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातला, कॉलेजात शिकणारा एक मुलगा माझ्याकडे आला. जुम्म्याच्या खुतब्यात इमामसाहेब रहमविषयी बोलले होते आणि ते त्याला खटकले होते. "चाचा," तो म्हणाला, "रहम करा, सब्र करा, हे दरवेळी आम्हालाच का सांगता? आधी आम्हाला न्याय मिळू द्या. मग करुणेचं बघू."

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. खानदेशातल्या मुसलमानाला हा प्रश्न पडावा इतके इथे घडून गेले आहे. मे १९७० मध्ये भिवंडीपाठोपाठ जळगाव पेटले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी केली. तो अहवाल वाचताना आजही पान उलटवत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये धुळ्यात दंगल झाली, संचारबंदी लागली. ६ जानेवारी २०१३ ला पुन्हा धुळेच. खाण्याच्या बिलावरून सुरू झालेले भांडण, त्याची दंगल, आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुणांचा मृत्यू. ज्या घरांतले हे तरुण गेले त्या घरांत जाऊन करुणेवर प्रवचन देण्याची हिंमत माझ्यात नाही. कुणातच नसावी.

तरीही त्या मुलाच्या बोलण्यात मला एक धोका दिसला. न्याय मिळेपर्यंत करुणा स्थगित ठेवायची असे आपण ठरवले, तर ती किती दिवस स्थगित राहील? कोर्टातल्या तारखा आपल्याला ठाऊक आहेत. पन्नास वर्षे स्थगित राहिलेली करुणा नंतर हाक मारल्यावर परत येते का?

या प्रश्नाशी झगडताना मला एका नर्सची आठवण येते. २००८ च्या त्या संचारबंदीत माझी अम्मी धुळ्यातल्या एका दवाखान्यात होती. निम्मा स्टाफ घरीच अडकलेला. एक सिस्टर मात्र सलग ड्युटी करीत होती. ती नवापूरकडची, आदिवासी ख्रिस्ती. अम्मीला सलाईन लावलेले, उठवत नव्हते आणि नमाज चुकते म्हणून ती रडत होती. सिस्टरने तिला विचारले, "आजी, तुमचं तोंड कुठल्या बाजूला पाहिजे?" आणि वॉर्डबॉयला हाताशी धरून खाट पश्चिमेकडे फिरवून दिली. पुढचे तीन दिवस, झाडूवाल्याने खाट सरळ केली की ती परत फिरवायची.

एका रात्री मी तिला विचारले, "सिस्टर, भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना, भाऊ." मग सहज बोलता बोलता तिने सांगितले की डिसेंबर १९९८ मध्ये, नाताळच्याच दिवसांत, डांगमध्ये प्रार्थनाघरांवर हल्ले झाले तेव्हा तिच्या मामाच्या गावातलेही प्रार्थनाघर जळाले. डांग म्हणजे नवापूरच्या शिवेला लागलेला गुजरातचा जिल्हा. "तेव्हा फार राग यायचा," ती म्हणाली. "कुणाशी बोलूच नये वाटायचं. पण मी तेव्हा ट्रेनिंगला होते. पेशंटला पाणी तर लागतंच. पाणी देता देता राग कमी झाला. गेला नाही, कमी झाला."

हे वाक्य मी अनेक वर्षे मनात बाळगून आहे. मन स्वच्छ झाल्यावर ती सेवेला लागली नव्हती. सेवा चालूच होती आणि मन तिच्या मागोमाग, जमेल तसे, येत राहिले.

खानदेशातला ख्रिस्ती समाज मुसलमानांहूनही लहान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. पुढे नवापूरजवळ चिंचपाड्याला रुग्णालय उभे राहिले. हा सारा भाग १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. आपल्यातले काहीजण लगेच म्हणतील, ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष. हा आक्षेप मी बाजूला टाकत नाही. दयेच्या मागे हेतू असू शकतो; आपल्या दानधर्मामागेही नाव व्हावे ही इच्छा कधी कधी असतेच. पण प्रत्येक दयेला आमिष म्हणणे बरोबर नाही, आणि याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातच आहे. धरणगावला जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी त्याला अहमदनगरच्या आपल्या घरात मुलासारखे ठेवून घेतले. ख्रिस्ती घरात राहून बालकवी हिंदूच राहिले. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा त्या घराने पोटचे पोर गेल्यासारखा शोक केला. त्या प्रेमाने कसलीच किंमत मागितली नव्हती.

आपल्याकडे याबद्दल काय सांगितले आहे? कुरआनच्या सूरह हदीदमध्ये ईसा अलैहिस्सलाम यांच्या अनुयायांविषयी उल्लेख आहे, की त्यांच्या अंतःकरणात अल्लाहनेच कोमलता आणि दया ठेवली. म्हणजे ख्रिस्ती माणसाची करुणा ही आपल्या ग्रंथाने नोंदवून ठेवलेली गोष्ट आहे. इतिहासही तेच सांगतो. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा, इसवी सन ६१५ च्या सुमारास, पहिल्या मुसलमानांना आश्रय दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने. कुरैशांनी त्यांना परत मागितले; त्याने हजरत जाफर यांच्याकडून सूरह मरयमच्या आयती ऐकल्या आणि शरणार्थी परत करायला नकार दिला. आणि ताइफ आठवा. दगड खाऊन रक्तबंबाळ झालेल्या प्रेषितांनी त्या वस्तीच्या विनाशाची दुआ केली नाही. तिच्या पुढच्या पिढ्यांविषयी आशा धरली. तेव्हा त्यांना न्याय मिळालेला नव्हता. मिळण्याची चिन्हेही नव्हती.

पण इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. करुणा म्हणजे न्यायाचा दावा मागे घेणे, असा अर्थ सोयीने काढला जातो. दंगलीनंतर शांतता समितीच्या बैठकीत 'झालं गेलं विसरून जा' म्हणणारे नेते हाच अर्थ काढतात. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. पण कायद्याने आपले काम करू नये असे त्या म्हणाल्या नाहीत. खटला चालला, शिक्षा झाली. त्या मात्र पतीने चालवलेले कुष्ठरुग्णांचे काम करीत राहिल्या; २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. क्षमा ही त्यांची स्वतःची होती, न्याय देणे हे सरकारचे काम होते. सरकार त्यांच्या वतीने क्षमा करू शकत नव्हते आणि दुसरे कुणी त्यांच्याकडून क्षमा मागून घेऊ शकत नव्हते. जामनेरच्या त्या बापाला क्षमा कर म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. पण त्याच्या बाजूने न्याय मागताना, ज्याने काहीच केलेले नाही अशा शेजाऱ्याचा द्वेष न करणे, हे मात्र माझे काम आहे.

आता आपल्या स्वतःच्या झाडाझडतीकडे येतो. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेली ही गरीब माणसे. त्यांना मारणारेही गरीबच, लेकरांच्या काळजीने भ्यालेले. करुणा मरायला द्वेषच लागतो असे नाही, भीतीही पुरते, हे मला राईनपाड्याने शिकवले. पण त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात काय झाले? लोक हळहळले, दोन दिवस चर्चा झाली, संपले. मेलेले आपले नव्हते, मारणारेही आपले नव्हते. जमावाच्या हातून मरणे म्हणजे काय हे ज्यांना सर्वांत आधी कळायला हवे होते, त्या आम्ही त्या पाच घरांसाठी एक निषेधाचे पत्रकसुद्धा काढले नाही. मीही काढले नाही. करुणेसाठी आपण आपल्याच नावांची यादी केली आहे आणि यादीबाहेरचा माणूस मेला की ती बातमी ठरते.

येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट नेमकी इथे लागू पडते. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला त्याच्याच धर्मातले प्रतिष्ठित लोक ओलांडून गेले आणि ज्या जमातीशी वैर होते त्या जमातीच्या माणसाने त्याला उचलले. माझा शेजारी कोण, असे विचारणाऱ्याला ही गोष्ट सांगितली गेली. ऐकून झाल्यावर त्यालाच ठरवावे लागले की आपण कुणाचे शेजारी व्हायचे.

तरी नुसत्या हळव्या मनावर विसंबून चालत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. इस्लामी संस्कृतीवर त्यांनी आपुलकीने पुस्तक लिहिले. इतके मोठे अंतःकरण. पण भोवतीचे जग सोसवेना आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. मला त्यांच्यावर निवाडा द्यायचा नाही. एवढेच वाटते, की करुणेचा सगळा भार एकट्याच्या काळजावर पडला तर ते काळीज तुटते. म्हणून तिला रिवाजाचा आणि रोजच्या कामाचा आधार लागतो. इस्लामने जकात माणसाच्या लहरीवर सोडली नाही. आपल्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे असे कुरआन सांगते. मन भरून आले नाही तरी अडीच टक्के द्यायचेच असतात. त्या सिस्टरचे पाणी देणे याच जातीचे होते.

काही दिवसांनी तो मुलगा परत भेटला. मी त्याला म्हणालो, "न्याय माग. मोर्चात चल, मीही येतो. वकिलाच्या वर्गणीत माझं नाव लिही. पण दर रविवारी दोन तास सरकारी दवाखान्यात ये. तिथे खेड्यापाड्यातून आलेल्या लोकांना केसपेपर कुठे काढायचा तेही कळत नाही. कुणाला नाव विचारू नकोस, कुठल्या वॉर्डात जायचं ते विचार."

तो हसला नाही, हो म्हणाला नाही. "राग जाईल का त्याने?" एवढेच विचारले.

मी म्हणालो, "जाणार नाही. कमी होईल."

पुढच्या रविवारी तो आला. त्याच्यानंतरच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आला, आणि येताना पाण्याची बाटली घेऊन आला.