दारूबंदी आणि दवाखान्याची पायरी
ऑगस्ट 2025 मध्ये कुवेतमध्ये विषारी दारू पिऊन 23 जण दगावले. बाधा झालेले 160, सगळे आशियाई देशांतले. 51 जणांना तातडीनं डायलिसिसवर घ्यावं लागलं, काहींची दृष्टी गेली. कुवेतमध्ये गेली साठ वर्षं दारूबंदी आहे, आणि ती मुसलमानापुरती नाही, पाहुण्यालाही लागू आहे. अशी बातमी आली की कोणी विचारतो, बंदी असलेल्या देशात प्यायचीच कशाला? रास्त आहे. देश तसा वेश म्हणतात. तिथे जाणाऱ्यानं दारूला शिवू नये, चोरून मिळणारीला तर मुळीच नाही. पण एखादा प्यायला आणि पडला, तर बंदी मोठी की त्याचा जीव? या प्रश्नाला उत्तर शोधायला शरीयतच्या बाहेर जावं लागत नाही.

इस्लामी विद्वान अल-गझाली यांनी शरीयतचे जे पाच हेतू मांडले, त्यांत धर्मानंतर जीव येतो, आणि जीवानंतर बुद्धी. दारू निषिद्ध ठरते ती बुद्धीच्या रक्षणासाठी. तेव्हा बुद्धी राखण्यासाठी केलेल्या नियमानं जीवच जात असेल, तर क्रम उलटा झाला. कुराणही नाइलाजानं निषिद्ध अन्न खाणाऱ्याला दोष देत नाही (2:173). वैद्यकात तर हे तत्त्व अगदी शब्दशः उतरतं. विषारी दारूतल्या मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. पहिले काही तास नेहमीची नशा वाटते. बरेचदा दुसऱ्या दिवशी पोट दुखतं, नजर धूसर होते. उतारा म्हणजे फोमेपिझोल, आणि ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चक्क इथेनॉल, म्हणजे दारूतलाच मादक अंश. (घरी दारू पाजून हा उपाय करायचा नसतो.) शास्त्राची अडचण नाही. अडचण भीतीची आहे: अटक होईल, मायदेशी धाडतील, या धास्तीनं आजारी माणूस खोलीतच पडून राहतो आणि उपचाराचे तास निघून जातात.

ही भीती घालवायला दवाखान्यात पोलिसी चौकशी नको म्हटलं, तर लोक मोकाट पितील, असा आक्षेप येईल. पण उपचार मिळेल म्हणून कोणी विष पीत नाही; शिवाय गाळणारा आणि विकणारा सुटावा असं इथे कोणी म्हणत नाही. उलट बाजूनं म्हटलं जातं की बंदीच उठवा, प्रश्न मिटेल. तसंही नाही. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, तेव्हा परवान्याची दुकानं उघडीच होती. खिसा रिकामा असेल तिथे हातभट्टी पोचतेच. म्हणून बंदी राहो वा जावो, मागणी एवढीच: पिणाऱ्याची खबर दवाखान्यानं पोलिसांना देऊ नये, आणि हे कायद्यात लिहावं. काय प्यायलो आणि किती वाजता, हे डॉक्टरला खरं सांगता आलं पाहिजे. सोबत कोण होतं हेही, कारण त्याच बाटलीतली प्यायलेले बाकीचे अजून झोपेतच असू शकतात.