प्रश्न कोणासाठी?

धर्मसंस्थेवरील विश्वास डळमळला की देवावरील श्रद्धाही संपली, असे आपण गृहीत धरतो. घरातील तरुण मुले मिस्सेला येईनाशी झाली, धर्मगुरूंच्या शब्दावर ‘का?’ म्हणून विचारू लागली, की आईवडील कष्टी होतात. परंतु तो प्रश्न उद्धटपणातून आला की सत्याच्या ओढीतून, हे आपण क्वचितच तपासतो.

याबाबतीत आम्हांला आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे स्मरण होते. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासदही. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. ताराबाईंनी त्याला ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधाने उत्तर दिले. तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. विधवेला पुनर्विवाहाची बंदी आणि विधुराला मात्र मोकळीक, हा कोठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. शास्त्रकारांनाच नव्हे, पुराणांतील देवांनाही त्यांनी जाब विचारला. तरीही त्या निबंधाचा आरंभ स्त्री आणि पुरुष दोघांनाही घडविणाऱ्या ईश्वराच्या उल्लेखानेच होतो. टीकाकार तुटून पडले, तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

ही परधर्मातील गोष्ट म्हणून आपल्याला नामानिराळे राहता येणार नाही. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविणाऱ्या ख्रिस्तसभेने ती चूक उघडपणे मान्य केली ती १९९२ साली. धर्मगुरूंकडून बालकांवर झालेल्या अत्याचारांवर कित्येक ठिकाणी पांघरूण घातले गेले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या श्रद्धावंतांना पत्र लिहून त्याबद्दल लाज व्यक्त केली आणि धर्मगुरूंच्या अवास्तव वर्चस्वाला विरोध करण्यास सांगितले. संस्थेचे नाव राखण्यासाठी दुबळ्यांचे अश्रू झाकणे ही श्रद्धा नव्हे. नास्तिकतेला श्रद्धावंतांचे वर्तनही अंशतः जबाबदार असते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगून ठेवले आहे. शब्बाथ माणसासाठी आहे, असे प्रभू येशूने अधिकाऱ्यांना ठणकावले, तेही भुकेल्या शिष्यांची बाजू घेऊनच.

अर्थात प्रत्येक प्रश्न पवित्र असतो असे नाही. स्वतःची सोय पाहण्यासाठीही धर्माला नावे ठेवता येतात. सत्ता नाकारणाऱ्याने स्वतःच्या मतालाच सत्ता बनविले, तर त्याने काय साधले? म्हणून कसोटी एकच: प्रश्न कोणासाठी विचारला जात आहे? ताराबाईंनी तो गांजलेल्या स्त्रियांसाठी विचारला. धर्म मोडावा हा त्यामागचा हेतू नव्हता. न्याय मिळावा हा होता.

तेव्हा आपल्या मुलाने धर्मावर प्रश्न केला, तर त्याला गप्प करण्याची घाई करू नये. कोणाचे दुःख पाहून त्याला हा प्रश्न पडला, हे आधी प्रेमाने विचारावे. त्याचे उत्तर ऐकून घेण्याचे धैर्य आपल्यात असेल, तर त्याची श्रद्धा टिकण्यास, आणि आपलीही शुद्ध होण्यास, वाव राहील.