सनद मिळाली, हुकूम यावयाचा आहे

युद्धांत शत्रूस मारणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत पुष्कळ वेळां निघतो. तो रणांगणावर सुटेल असें आम्हांस वाटत नाहीं. तोफांच्या आवाजांत विचार करावयास कोणास सवड असते?

विल्फ्रेड ओवेन नांवाचा एक इंग्रज तरुण १९११ पासून १९१३ पर्यंत डन्सडन या खेड्यांत तेथील पाळकाचा मदतनीस होता. आजाऱ्यांस भेटणें, मुलांस शिकविणें, म्हणजे आमचे उपदेशकबंधु करितात तेंच काम. १९१५ सालीं तो फौजेंत शिरला व जून १९१६ मध्यें त्यास मँचेस्टर रेजिमेंटमध्यें सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली. फ्रान्सला मात्र तो त्या वर्षाच्या अगदीं अखेरीस पोहोंचला. मधले सहा महिने इंग्लंडच्या छावण्यांत कवाईत व नेमबाजी यांत गेले. वय अवघें २३.

अशा मनुष्याविषयीं कोणी म्हणतात, रक्त सांडलें नाहीं तोंवर दोष कसला? कोणी म्हणतात, दोष हुकूम देणाराचा. आम्हांस दोन्ही उत्तरें पळवाटा दिसतात. जो दुसऱ्यांस नेम धरावयास शिकवितो, त्याचें मन अगोदरच कोणीकडे तरी वळलेलें असतें. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें शिपायांस चाकरी सोडावयास सांगितलें नाहीं, जुलूम करूं नका असें सांगितलें. कर्नेल्य शताधिपति असतांच त्याचा बाप्तिस्मा झाला. पण एवढ्यावरून मारण्याची मोकळीक मिळाली असें कोणीं समजूं नये.

आणखी एक गोष्ट. त्या युद्धांत खंदकांतील चिखलपाण्यानें शिपायांचे पाय सडत. म्हणून आपल्या तुकडीचे पाय तपासणें, ते कोरडे करवून त्यांस तेल चोळविणें, हें धाकट्या अधिकाऱ्याचें कर्तव्य होतें. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची आठवण येथें कोणास होणार नाहीं? आणि कमरेस पिस्तूलही होतेंच! एकाच सनदेनें हीं दोन्ही कामें एका माणसाकडे येतात. मंडळींतील तरुण हुकुमाची वाट पाहत घरीं असतो, तेव्हां आपण त्याच्या पोशाखाची वाखाणणी करितों, जेवण घालितों. त्याजपाशीं बसून हें कोणी बोलत नाहीं.

ओवेननें १९१७ सालीं फ्रान्समधील इस्पितळांतून आईस लिहिलें कीं, अपमान सोसावा पण शस्त्र धरूं नये, ही ख्रिस्ताची एक मुख्य आज्ञा आहे. तरीही १९१८ सालीं तो पुन्हां आघाडीवर गेला. हाताखालच्या मुलांस साह्य करावें, हें कारण त्यानें आईस कळविलें. ४ नोव्हेंबर रोजीं, युद्ध थांबण्याच्या सात दिवस आधीं, एका कालव्यापाशीं तो मारला गेला. त्यास ढोंगी म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं. पण तें पत्र १९१६ च्या उन्हाळ्यांत, छावणींत बसून लिहिलें गेलें असतें तर, असें मनांत येतें.