मित्रांत कसला हिशोब?

शॉर्टफिल्मसाठी आम्ही चौघांनी प्रत्येकी 15,000 काढले. "मित्रांत कसला हिशोब?" हे वाक्य माझंच. पगार माझा जास्त, म्हणून लाइट्सचं भाडं, जेवण मीच जीपे करत गेलो. एडिटला दिग्दर्शक मित्राशी शेवटच्या सीनवरून वाजलं आणि मी बोलून गेलो, "पैसे कुणाचे लागलेत?" तो गप्प झाला. सीन माझ्या मनासारखा झाला.

श्याम बेनेगलांच्या 'मंथन'साठी (1976) गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. वाटा सारखा आणि उघड. मी मात्र मनातल्या मनात मोजत होतो. वहीत नसलेली उधारी व्याजासकट वाढते, आणि ती आपण भलत्याच ठिकाणी वसूल करतो.

परवा सगळा खर्च शीटमध्ये मांडून ग्रुपवर टाकला. माझ्या जास्तीच्या 22,000 पुढे लिहिलं: भेट. शेवटचा सीन त्यानं पुन्हा एडिटला घेतलाय.