जुन्याचे देणे

वस्तू टाकण्यापूर्वी ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल का, हे पाहण्याची रीत आपल्या घरांत पूर्वापार चालत आली आहे. जुन्या लुगड्याची गोधडी व्हावी, थोरल्याची पुस्तके धाकट्याने वापरावीत, हा आपला शिरस्ता. परंतु ही रीत प्रत्येक वेळी सद्गुणच ठरते काय, असा प्रश्न मध्यंतरी आमच्याच घरात उभा राहिला.

निमित्त झाले नव्या संगणकाचे. २०१४ साली जुळवून घेतलेला आमचा संगणक थकला होता. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढच्या प्रणालीच्या अटींत आमचा प्रोसेसर बसेना. चिरंजीवांनी नवा संगणक घरीच जुळवायचे ठरविले. मी बजावले, "जुने जेवढे चालेल तेवढे वापर."

त्याने पेटी उघडून एकेक भाग टेबलावर मांडला. कॅबिनेट उपयोगी ठरले. एटीएक्स हे माप १९९५ पासून रूढ असल्याने जुन्या कॅबिनेटमधील स्क्रूंच्या जागा नव्या मदरबोर्डाशी बरोबर जुळल्या. मॉनिटर व कीबोर्ड राहिले. हार्ड डिस्कही जोडता आली. मात्र इतक्या वर्षांच्या फिरत्या तबकडीचा भरवसा नको म्हणून तिच्यातील कौटुंबिक छायाचित्रांची दुसरी प्रत काढली. रॅम जुन्या डीडीआर ३ प्रकारची, नवा बोर्ड डीडीआर ५ चा. खाचच निराळी, त्यामुळे ती बसेना. उरला वीज पुरविणारा एसएमपीएस. तो चालू होता, तरी मुलाने तो बाजूला सारला. "आतले कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात. विजेचा दाब बिघडला तर नवा बोर्डही जाईल," तो म्हणाला. मला ते पटले.

मग मला एक कल्पना सुचली. जुना बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी जुळणारे होते. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली सहज चालली असती. "घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलगी अकरावीत आहे. तिला हा संच देऊ. एसएमपीएसही त्यातच बसव, म्हणजे वेगळा खर्च नाही."

मुलगा क्षणभर थांबला. "पप्पा, जो आपल्या घरात नको, तो त्यांच्या घरात कसा चालेल?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याला मी दान समजत होतो, ती आपल्या घरातील जोखीम दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणे होते. शिवाय यंत्र बंद पडले असते, तर दुरुस्तीचा खर्च ज्यांना झेपणार नाही त्यांच्यावरच पडला असता, आणि उपकाराच्या ओझ्याने त्यांना बोलताही आले नसते.

मग तो फेकून द्यावा काय? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. भंगारात दिलेल्या वस्तू दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातात. तेथे तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. म्हणजे देण्यात काय आणि टाकण्यात काय, प्रश्न एकच: आपल्या हातून सुटलेल्या वस्तूचा उरलेला भार कोणाच्या अंगावर पडतो? जुने वापरण्याचे पुण्य या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पदरात पडत नाही.

अखेर आम्ही दोन नवे एसएमपीएस आणले. मुलीच्या संचासाठी एक साधे कॅबिनेट व लहानशी एसएसडी घेतली. पडदा म्हणून त्यांच्या घरचा दूरचित्रवाणी संच चालला. जुना एसएमपीएस आणि निकामी तारा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राच्या संकलनात दिल्या. रात्री हिशेबाची वही उघडली, तेव्हा हा सारा खर्च 'दानधर्म' या सदरात लिहायला हात धजावला नाही. तो मी 'नवा संगणक' या सदरातच मांडला.