कीबोर्डचा शब्द आणि बोलण्याचे कर्तेपण

स्मार्टफोनचा कीबोर्ड दोन वेगळी कामे करतो, पण ती एकच समजली जातात. पहिले काम सुचवण्याचे: टाइप करताना वरच्या पट्टीत शब्द दिसतात, हवा तो घ्यावा, नको तर सगळे सोडावेत. दुसरे काम बदलण्याचे, म्हणजे ऑटोकरेक्टचे: स्पेस दाबताच टाइप केलेला शब्द जातो आणि कीबोर्डला योग्य वाटलेला शब्द त्याच्या जागी बसतो. नीतीच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. मेसेज ज्याच्या नावाने जातो त्याची संमती पहिल्या कामात घेतली जाते, दुसऱ्यात ती गृहीत धरली जाते.

सुचवलेला शब्द येतो तो दोन साठ्यांतून. एक साठा भाषेचा: अफाट मजकुरात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द किती वेळा आला, यावरून घडवलेला अंदाज. दुसरा वापरणाऱ्याचा: त्याने वारंवार टाइप केलेले शब्द आणि त्यांच्या जोड्या. अनुभव सरल्यावर मागे उरणाऱ्या आणि पुढच्या कृतीला वळण देणाऱ्या ठशाला भारतीय दर्शने संस्कार म्हणतात. कीबोर्डची स्मृती या वर्णनात चपखल बसते, फक्त एक गोष्ट कमी पडते. दर्शने संस्काराला आत्म्याचा किंवा चित्ताचा आश्रय मानतात. यंत्रात ठसा आहे, पण तो ज्याचा म्हणावा असा कोणी नाही. म्हणून यंत्राला कर्ता म्हणता येत नाही, आणि चुकीचा मेसेज गेला तर त्याच्यावर दोषही टाकता येत नाही.

वाक्याचा अर्थ कळायला काय लागते, याचा न्यायशास्त्राने बारकाईने विचार केला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी ही तीन कारणे सांगितली आहेत, इतर ग्रंथकारांनी त्यांत तात्पर्याची भर घातली. एका शब्दाला दुसऱ्याची गरज भासणे ही आकांक्षा, शब्द लागोपाठ येणे हा सन्निधी, अर्थाला बाध न येणे ही योग्यता. ‘विस्तवाने शिंपतो’ हे योग्यता नसलेल्या वाक्याचे जुने उदाहरण. कीबोर्डचा सारा व्यवहार आकांक्षा आणि सन्निधी यांवर चालतो. योग्यताही त्याला पुष्कळदा साधते, कारण माणसे विस्तवाने शिंपत नाहीत आणि तसे लिहीतही नाहीत. तात्पर्य, म्हणजे लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे, ते मात्र त्याच्या हाती लागत नाही. ‘उद्या येऊ’ एवढे टाइप केल्यावर ‘का’ आणि ‘नका’ हे दोन्ही शब्द पट्टीत शेजारी येऊ शकतात. दोन्हींनी आकांक्षा भागते, दोन्ही वाक्ये निर्दोष होतात. एकात येण्याची परवानगी मागितली जाते, दुसऱ्यात पाहुण्याला वाटेतूनच परत पाठवले जाते. बोट जरा सरकले की सोयऱ्यांत रुसवा.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या धावडा या गावाचे नाव लिहून पाहिले तर अडचणीची आणखी एक बाजू दिसते. बरेच जण मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात आणि कीबोर्ड ते देवनागरीत उतरवतो. रोमन लिपीत द आणि ड यांना एकच अक्षर. ल-ळ आणि न-ण यांचेही तसेच. त्यामुळे धावडाचे धावदा, काळचे काल, बाळचे बाल होऊ शकते. शिवाय ‘धावडा’ शिकवला तरी ‘धावड्याला’ आणि ‘धावड्याहून’ ही रूपे कीबोर्डच्या लेखी वेगळे शब्द असू शकतात. मोठ्या शहराचे नाव लाखोंच्या लिखाणात येते, खेड्याचे येत नाही, आणि नुसत्या वारंवारतेच्या हिशेबात कमी आलेला शब्द चूक ठरतो. गावाच्या नावाचा खरेखोटेपणा असा मोजून ठरवणे अन्यायाचे आहे.

याच तालुक्यात जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे तीर्थ आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या वास्तव्याने ते पावन मानले जाते. शब्द जपावा कसा, हा प्रश्न या पंथापुढे सातशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस जाणत्यांकडून स्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांची साक्ष मोलाची. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली. सगळ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत, पण म्हणून वेगळ्या आठवणी पुसल्या गेल्या नाहीत. ‘एकी वासना’, म्हणजे काहींच्या आठवणीनुसार, अशा नोंदीने त्या मजकुरातच ठेवल्या गेल्या. इथे दोन साक्षी आहेत हे त्यामुळे वाचकाला कळते. ऑटोकरेक्टमध्ये याच्या अगदी उलट घडते: लिहिणाऱ्याचा पाठ जातो, आणि तो गेल्याची खूण मेसेज वाचणाऱ्याला कुठेच दिसत नाही.

तयार शब्द वापरणे यात मुळात खोटेपणा नाही. गावातले कोणी वारले की ग्रुपवर ‘भावपूर्ण’ एवढे टाइप होते आणि ‘श्रद्धांजली’ आपोआप पुढे येते. त्यावर बोट ठेवणाऱ्याचे दुःख उसने आहे असे म्हणणाऱ्याला नामस्मरणही उसने म्हणावे लागेल, कारण तिथेही शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलेच असतात. महानुभावांचे ‘दंडवत प्रणाम’ रोज तेच असते, तरी ते प्रत्येक वेळी करावे लागते. शब्द कुठून आला यापेक्षा तो स्वीकारताना मन हजर होते का, यावर तो आपला की परका हे ठरते.

कीबोर्डच्या दुरुस्तीचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी सेटिंगमध्ये ऑटोकरेक्ट बंद करावा आणि सूचना चालू ठेवाव्यात. कीबोर्डच्या भाषांत मराठी वेगळी जोडावी. देवनागरीसाठी नुसती हिंदी असेल तर शब्द हिंदीच्या साठ्यातून येतात. गावांची आणि देवस्थानांची नावे, तसेच आडनावे वैयक्तिक शब्दकोशात घालावीत, विभक्तीच्या रूपांसह. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये नको असलेली सूचना दाबून धरून कचऱ्याच्या डब्यावर ओढली की ती काढून टाकता येते.

घरात एकच फोन अनेकांच्या हाती असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाने टाइप केलेले दुसऱ्याला सुचते. आजाराचे, कर्जाचे किंवा भांडणाचे शब्द न सांगता उघड होतात. अशा वेळी कीबोर्डने शिकलेले सर्व शब्द पुसण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती वापरली की साठा रिकामा होतो. गेलेल्या मेसेजवर मात्र तिचा काही परिणाम होत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंत सुधारता येतो आणि त्यावर तशी खूण दिसते. त्यानंतर चुकीच्या शब्दाचा खुलासा नव्या मेसेजमध्ये किंवा फोन करून स्वतःच द्यावा लागतो.